शंभर मण चुनखडीचा तस्फिया

फसली तेराशे एकोणपन्नास साली, खुरदाद महिन्यात, म्हणजे आपल्या चैत्रात, जालन्याच्या पुंजाराम भट्टीवाल्याला सरकारने शंभर मण चुनखडी मोजून दिली आणि ती भाजून पुंजारामने सरकारला छप्पन्न मण कळीचा चुना मोजून आणून दिला. घडलं ते एवढंच. एवढ्यावर दोनशे सत्तर पानांची मिसल, म्हणजे सरकारी फाईल, तयार झाली, एका भट्टीला मोहर लागली आणि रसायनशास्त्राचं एक सोपं गणित पाच जणांच्या कमिटीला बसून सोडवावं लागलं. त्या कमिटीत मी होतो. म्हणून मला सगळं बारीकसारीक ठाऊक आहे, आणि म्हणूनच निजामी जाईपर्यंत मी तोंड उघडलं नाही.

मी जगन्नाथ. आमच्या फोकानियात, म्हणजे हायस्कुलात, मी मराठी शिकवायचो. बाकी सगळं शिकवणं उर्दूतून होतं, त्यामुळे माझ्या विषयाला शाळेत लांबच्या पाहुण्याइतका मान होता. बसा म्हणत, पण जेवा म्हणत नसत. माझी खरी पत गावात होती, ती तस्फियासाठी. तस्फिया म्हणजे दोघांच्या मध्ये पडून भांडण मिटवणं. बांधाचं भांडण असो की सोयरिकीतल्या मानपानाचं, लोक कोर्टाची पायरी चढायच्या आधी माझी चढत. माझी रीतही साधी होती. दोघांचं ऐकायचं, दोघांचे आकडे घ्यायचे आणि मधोमध तोडायचं. एकाला दहा हात जागा पाहिजे, दुसरा दोनच हात द्यायला तयार, घ्या सहा. दोघंही थोडे थोडे नाराज होऊन घरी जात, आणि नाराजी दोन्हीकडे सारखी पडली की आमच्याकडे त्यालाच न्याय म्हणत.

तर चुना लागत होता आमच्या शाळेच्या रसायनशाळेला. विज्ञान शिकवायला मुकुंदराव हैदराबादहून बी.एस्सी. होऊन आले होते, पण बाटल्या ठेवायला खोली नव्हती म्हणून सरकारने बाटल्या पाठवल्या नव्हत्या. खोली मंजूर झाली. चुनखडी रेल्वेच्या डब्यातून आली, पांढरी, स्वच्छ, माती नावाला नाही. पुंजारामची भट्टी कुंडलिकेच्या काठाला, बापाच्या हातची. गावातली निम्मी घरं त्याच भट्टीच्या चुन्यावर उभी होती आणि एकाही घरमालकाची तक्रार नव्हती. चुना उतरवून घ्यायला तहसिलीचे पेशकार, म्हणजे मुख्य कारकून, गजाननराव स्वतः काट्यापाशी उभे राहिले.

"शंभर दिले होते," गजाननराव म्हणाले. "छप्पन्न भरले. चव्वेचाळीस कुठं आहेत?"

"गेले न साहेब."

"कुठं गेले?"

"वर," पुंजाराम म्हणाला आणि त्यानं बोट वर केलं. "दगड तापला का त्याच्यातलं निघून जातंय. शंभराला छप्पन्नच उतरतो. माझा बाप बी तेवढाच द्यायचा."

गजाननरावांनी वर पाहिलं. मग खाली बसून लिहिलं: 'मौक्यावर वरच्या दिशेची पाहणी केली. माल आढळून आला नाही.'

त्याच दुपारी भट्टीला मोहर लागली. भट्टी सकाळीच रिकामी केलेली, अजून ऊन होती. लाखेची मोहर लावली ती वितळून खाली आली, म्हणून पुंजारामवर सरकारी मोहर मोडल्याचा दुसरा इल्जाम आला. मग भट्टीपासून दहा हातांवर एक मेख ठोकली, तिला मोहर लावली आणि कागदावर त्या मेखेला भट्टी म्हटलं. हुकूम असा होता की पुंजारामने चव्वेचाळीस मण माल हजर करावा, नाहीतर त्याचा भट्टीचा परवाना कायमचा रद्द होईल. पावसाळ्याला दोन महिने उरले होते. भट्टीवाल्याचं अख्खं वर्ष त्या दोन महिन्यांत असतं, कारण पावसात भट्टीही पेटत नाही आणि कुणी घरही बांधत नाही. पुंजारामच्या घरी खाणारी तोंडं सात होती.

हेडमास्तरांनी मुकुंदरावांकडून शास्त्रीय अभिप्राय मागवला. मुकुंदरावांना इतका आनंद झाला की ते कोट न घालताच शाळेत आले. जालन्यात येऊन त्यांना दीड वर्ष झालं होतं आणि रसायनशास्त्रातला प्रश्न त्यांना पहिल्यांदाच कुणीतरी विचारत होतं. त्यांनी फळ्यावर गणित मांडलं. आम्ही सगळे बाकांवर बसलो, पुंजाराम दाराशी उकिडवा.

"बघा, किती सोपं आहे," मुकुंदराव म्हणाले. "चुनखडीत तीन गोष्टी असतात. कॅल्शियम, त्याचं वजन चाळीस. कार्बन, त्याचं बारा. आणि ऑक्सिजन सोळाचा, तो तीन वेळा, म्हणजे अठ्ठेचाळीस. चाळीस, बारा, अठ्ठेचाळीस. बेरीज शंभर. भट्टीत तापली की कार्बन आपल्याबरोबर दोन ऑक्सिजन घेऊन हवा होऊन निघून जातो. बारा आणि बत्तीस, चव्वेचाळीस. मागे राहिले छप्पन्न. या माणसाचा चुना गुंजभरसुद्धा कमी नाही."

पुंजाराम फळ्याकडे पाहत राहिला. त्याला एक अक्षर वाचता येत नव्हतं, पण छप्पन्न त्याला ऐकू आलं होतं.

"मंग माझा बाप बी बीयेस्सीच होता म्हना," तो म्हणाला.

इथं गोष्ट संपायला हवी होती. पण शाळेच्या फळ्यावर काय लिहावं हे ठरवायचा हक्क फळ्याला नव्हता, तो औरंगाबादच्या मोहतमीमसाहेबांना होता. मोहतमीम म्हणजे शाळांचे तपासनीस. त्यांचं नाव भुजंगराव. माणूस वाईट नव्हता. वक्तशीर होता, गाण्याचा शौकीन होता, फक्त वजाबाकीचा त्याला संशय यायचा. सरकारी कागदात जिथं जिथं वजाबाकी दिसली तिथं तिथं कुणीतरी काहीतरी खाल्लेलं असतं, हा त्यांचा वीस वर्षांचा अनुभव होता, आणि खोटं कशाला बोला, तो बराचसा बरोबरही होता. ते सकाळच्या गाडीने उतरले, नवीन जालन्यात चहा घेतला आणि थेट फळ्यासमोर येऊन उभे राहिले.

"कॅल्शियमचं वजन चाळीस," ते म्हणाले. "कोणत्या शेराने?"

"शेर नाही साहेब, हे प्रमाण आहे," मुकुंदराव म्हणाले. "शेर धरा, तोळे धरा, मण धरा. प्रमाण तेच राहतं."

"म्हणजे शेर ठरलेला नाही." भुजंगराव पेशकारांकडे वळले. "लिहून घ्या. वजन केलं, पण शेर ठरलेला नाही. बरं, हे चाळीस कुणी मंजूर केले? हैदराबादने?"

"साऱ्या जगाने केलेत साहेब."

"मग जगाचा मुरासला मिसलीत लावा."

मुरासला म्हणजे सरकारी पत्र. जगाचा मुरासला मुकुंदरावांकडे नव्हता. त्यांनी पुस्तक पुढे केलं. भुजंगरावांनी ते उलटंपालटं करून पाहिलं आणि म्हणाले, यावर शिक्का छापखान्याचा आहे, सरकारचा नाही.

"ठीक आहे," भुजंगराव पुढे म्हणाले. "तुमच्या म्हणण्यावर मी चाललो. चव्वेचाळीस मण माल हवा होऊन गेला. पण दगड सरकारी होता, म्हणजे हवाही सरकारी. ती रियासतीच्या हद्दीत राहिली का बाहेर गेली?"

मुकुंदराव म्हणाले की हवेला हद्द नसते. हे वाक्य त्यांनी बोलायला नको होतं. दुसऱ्याच दिवशी करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या, जाफराबाद नाक्याला पत्र गेलं, कारण त्या आठवड्यात वारा दक्षिणेचा होता आणि जाफराबादच्या पुढे इंग्रजांचं वऱ्हाड लागतं. नाक्याचा कारकून मोठा नेमका माणूस असावा. त्याने उत्तर धाडलं: 'नमूद तारखांना या नाक्यावरून सरकी, मिरची व दोन म्हशी गेल्या. हवा गेल्याची नोंद नाही. नाका संध्याकाळी बंद होतो, त्यानंतर गेली असल्यास या कार्यालयाची जबाबदारी नाही.' हे उत्तर मिसलीत लागलं आणि त्याच्यावर लाल शाईने शेरा पडला की सदर हवा बिगरपरवाना गेली.

या सगळ्यात तीन आठवडे गेले. भट्टी बंद. पुंजारामने तोडून आणलेलं बाभळीचं जळण नदीकाठी वाळून हलकं झालं. रोज सकाळी तो भट्टीवर जायचा, मेखेला नमस्कार करायचा आणि परत यायचा. नमस्कार का करतो म्हणून विचारलं तर म्हणायचा, आता तीच भट्टी हाय न कागदावर.

शेवटी कमिटी नेमली. अध्यक्ष भुजंगराव, मग हेडमास्तर, पेशकार गजाननराव, मुकुंदराव आणि मी. मला घेतलं ते तस्फियातल्या माझ्या नावामुळे. भुजंगराव म्हणाले, शंभर. सरकारने शंभर दिले, शंभर परत यावेत. यात गणित कसलं आलं? मुकुंदराव म्हणाले, छप्पन्न. हेडमास्तर म्हणाले, दोन्ही साहेबांशी ते पूर्ण सहमत आहेत. गजाननराव गप्प होते, कारण त्यांना बैठकीचं इतिवृत्त लिहायचं होतं. सगळे माझ्याकडे पाहायला लागले.

आता तुम्ही मला शिव्या द्याल, पण त्या क्षणी मला फार बरं वाटलं होतं. दोन माणसं, दोन आकडे. असं भांडण मी झोपेतसुद्धा मिटवलं असतं. शंभर आणि छप्पन्न, एकशे छप्पन्न. त्याचे निम्मे अठ्ठ्याहत्तर.

"अठ्ठ्याहत्तर," मी म्हणालो.

खोलीत केवढं हायसं झालं म्हणून सांगू. भुजंगरावांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. हेडमास्तरांनी चहा मागवला. गजाननराव म्हणाले, जगन्नाथराव आहेत म्हणून गावात शांतता आहे. एकटे मुकुंदराव माझ्याकडे असे बघत होते, जणू मी त्यांच्या ताटात हात घातला.

"जगन्नाथराव, हे बांधाचं भांडण नाही हो," ते म्हणाले. "दगडात जेवढं आहे तेवढंच निघणार. त्याला मधोमध कसं तोडता?"

"अहो, जरा माणसांकडे पाहा," मी म्हणालो. "औरंगाबादचे मोहतमीम बावीस खाली उतरले. आणि तुम्ही नुसते बी.एस्सी., तुम्हाला बावीस चढवत नाही?"

ठराव झाला की शंभर मण चुनखडीचा अठ्ठ्याहत्तर मण चुना होतो. पुंजारामने छप्पन्न दिलेले आहेत, उरलेले बावीस आणून द्यावेत. ते आणायला त्याला भट्टी लागेल, म्हणून मोहर काढावी. चव्वेचाळीसचे बावीस करून घेतले, म्हणजे गरिबाचं ओझं मी निम्मं केलं, असं मला वाटत होतं. मात्र शास्त्राचा प्रश्न असल्याने पाचही सह्या हव्यात, अशी अट भुजंगरावांनीच घातली. चार झाल्या. मुकुंदरावांनी टाक खाली ठेवला तो ठेवलाच. आठ दिवस झाले, त्यांनी शाळेत कुणाशी बोलणं सोडलं.

नवव्या दिवशी पुंजाराम आणि त्याची बायको सगुणाबाई मुकुंदरावांच्या घरी गेले. मीही होतो तिथं. त्यांची समजूत काढायला रोज संध्याकाळी जायचो. पुंजाराम उंबऱ्यापाशीच बसला. सगुणाबाईने पदर सावरला आणि तीच बोलली.

"मास्तर, एक इचारू का? तुमी सही न्हाई केली तर चुना छप्पन्नच होतो न?"

"छप्पन्नच होतो."

"आन केली तर?"

"केली तरी छप्पन्नच," मुकुंदराव म्हणाले. "सहीने दगडाला काय होणार?"

"मंग करून टाका जल्दी. चुन्याला फरक न्हाई पडत, आमाला पडतो. महिना झाला, दुसऱ्याच्या रानात तुराट्या येचून राह्यलो आमी."

मुकुंदरावांनी पुंजारामकडे पाहिलं. "तुला पटतं का रे हे?"

"न्हाई पटत," पुंजाराम म्हणाला. "बापाला काय तोंड दावू, असं होतंय. पन पोरं हायेत मास्तर."

मुकुंदरावांनी सही केली. मला वाईट वाटलं, खरंच वाटलं. पण तस्फिया झाला होता. दुसऱ्या दिवशी मोहर निघाली आणि मेख उपटून पुंजारामला परत देण्यात आली, पावतीसह.

राहिला प्रश्न बावीस मणांचा. "बिनदगडाचे बावीस मण आणू कुठून?" पुंजारामने गजाननरावांना विचारलं. पेशकार मोठ्याने म्हणाले, जिथं गेले तिथून आण. मग इकडंतिकडं पाहून हळू आवाजात म्हणाले, "नदीला रेती थोडी आहे का? आणि भट्टीतली राख तुझीच न?" पुंजारामने जन्मात चुन्यात भेसळ केली नव्हती. सगुणाबाई सांगत होती की त्या दिवशी तो जेवला नाही. पण राख चाळली, पांढरी माती चाळली, बारीक रेती घातली आणि बरोबर बावीस मण भरून आणले. कमिटीसमोर वजन झालं. एकूण अठ्ठ्याहत्तर, मासाभर इकडंतिकडं नाही. भुजंगराव उभे राहिले आणि म्हणाले, "पाहिलंत? नेट लावला की होतं." पुंजारामला इमानदारीचं सरकारी प्रशस्तिपत्र मिळालं. मुकुंदराव म्हणत होते की एक थेंब तेजाब, म्हणजे ॲसिड, टाकलं तरी भेसळ उघडी पडेल. पण तेजाबाची बाटली रसायनशाळा बांधून झाल्यावर येणार होती, आणि रसायनशाळा या चुन्याने बांधायची होती.

यानंतर सालाना इम्तिहान, म्हणजे वार्षिक परीक्षा, आली. नववीच्या पर्च्यात प्रश्न होता, शंभर मण चुनखडीपासून चुना किती मिळेल. उत्तर अठ्ठ्याहत्तर. छप्पन्न लिहिणाऱ्याला शून्य, शंभर लिहिणाऱ्याला अदबीखातर निम्मे गुण. वर्गात शिकवायचं कसं, हा मुकुंदरावांपुढे पेच होता, कारण नुसतं उत्तर सांगणं त्यांना जमेना. त्यांनी फळ्यावर रीत लिहून दिली: शंभर वजा चव्वेचाळीस बरोबर छप्पन्न, अधिक कमिटी बावीस, एकूण अठ्ठ्याहत्तर. पोरं हुशार. त्यांनी ती रीत इतकी पक्की केली की पुढे मीठ, गंधक, तांबं, कशाचंही गणित आलं तरी शेवटी अधिक कमिटी किती, ते विचारूनच उत्तर लिहायची.

गावात मात्र वेगळंच सुरू झालं. घर बांधणारे पुंजारामकडे यायचे आणि म्हणायचे, सरकारला शंभराला अठ्ठ्याहत्तर देतोस, आम्हाला छप्पन्न का? आम्ही काय चोर आहोत? तो सांगायचा, बाबा, ती कमिटी होती. लोकांना वाटायचं लबाड आहे, प्रशस्तिपत्र भिंतीला लावलंय आणि आम्हाला शहाणपण सांगतोय. चार गिऱ्हाइकं तुटली. मग त्याने हुज्जत घालणं सोडलं आणि भट्टीपाशी दोन ढीग लावले.

रसायनशाळा उभी राहिली. बाटल्या आल्या. फळी ठोकायला खिळा मारला तर भिंत खिळ्याला वाट करून द्यायची, म्हणून बाटल्या जमिनीवर मांडल्या. मुकुंदरावांची बदली झाली. कुठं, ते त्यांनी मला कळवलं नाही.

दोन वर्षांनी माझ्या घराची मागची भिंत पावसाने खचली. मी भट्टीवर गेलो. पुंजारामने बसायला पोतं टाकलं, घरच्यांची विचारपूस केली आणि म्हणाला, "गुर्जी, कोन्ता देऊ? छप्पन्नचा का अठ्ठ्याहत्तरचा?"

मी मागं वळून पाहिलं. रस्त्यावर कुणी नव्हतं.

"छप्पन्नचा दे," मी म्हणालो. "आणि हे कुणाला बोलू नको."

"न्हाई बोलत. कुनाचंच न्हाई बोलत." तो पाटी भरायला लागला. "गजाननराव साहेब तोच घेऊन गेल्ते. हेडमास्तर बी. मोहतमीम साहेबाची तर बैलगाडी औरंगाबादेहून आल्ती, खास छप्पन्नसाठी."

"मग त्या दुसऱ्या ढिगाचा चुना नेतं कोण?"

"सरकार नेतंय न. शाळा हाय, दवाखाना हाय, पूल हाय. जे कुनाच्या घरचं न्हाई ते समदं त्याच ढिगातलं." त्याने पाटी उचलून माझ्या गाडीत रिकामी केली. "गुर्जी, तुमचं पोरगं कोन्त्या वर्गात हाय आता?"

"नववीत," मी म्हणालो, आणि दुसरी पाटी भरायला सांगितली. माझी भिंत अजून शाबूत आहे. पुढं निजामी गेली, फसली सालं गेली, पुस्तकात छप्पन्न आलं. मी पुष्कळ ठिकाणी ही गोष्ट सांगितली आणि लोक पुष्कळ हसले; तुम्हीही हसला असाल, आणि हसताना टेकायला तुमच्या पाठीशी तुमच्याच घराची भिंत असेल, पक्की. पण ही दुपारची, शाळेची वेळ आहे. तुमची पोरं आत्ता कुठल्या भिंतीखाली बसलीत?